वाळूंत घर करणारे सर्पाकार मासे

ज्या घरांत मासा शिजत नाहीं, त्या घरांतील मुलांस मासे ओळखतां येत नाहींत, ह्यांत नवल नाहीं. परंतु ह्या अज्ञानानें कधीं कधीं एखाद्या निरुपद्रवी जीवाचे प्राण जातात. फार वर्षांपूर्वीं मेहकर येथें पैनगंगेच्या कांठीं मी कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन गेलों होतों. उथळ पाण्यांतील वाळू हलली, हातभर लांबीचें कांहींतरी तपकिरी वळवळत वर आलें, आणि मुलांनीं ‘साप, साप’ म्हणत तें धोंड्यांनीं ठेचलें. मीही त्यांस आवरलें नाहीं. तेवढ्यांत एक भोई जाळें घेऊन आला व म्हणाला, “गुर्जी, हा साप नाई, वाम व्हय.” रज्जूच्या ठिकाणीं सर्प पाहण्याचा दृष्टांत मी वर्गांत नेहमीं सांगत असें, त्या दिवशीं मत्स्याच्या ठिकाणीं सर्प मींच पाहिला!

वाम हा खराखुरा मासा होय. लासेपेद ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन १८०० सालीं केलें. त्याचें मुखाग्र सोंडेसारखें निमुळतें व लवचिक असतें. पाठीवर सुट्या बारीक कांट्यांची ओळ असते व तिच्यामागें लांब पर असतो. दिवसा तो वाळूंत अंग पुरून केवळ मुखाग्र बाहेर ठेवतो. रात्रीं किडे, गांडुळें व लहान मासे शोधावयास निघतो.

हीच युक्ति समुद्रांत एका मोठ्या कुलानें फार पुढें नेली आहे. सर्प व मत्स्य ह्या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्या कुलाचें नांव पडलें. आपण त्यांस सर्पमीन म्हणूं. त्यांच्या तीनशेंहून अधिक जाति ज्ञात असून बहुतेक उष्ण समुद्रांच्या तळाशीं राहतात. पुष्कळांस शेपटाचा पर नसतो. त्याऐवजीं टणक, अणकुचीदार टोंक असतें. तें वाळूंत रोवून हा मासा मागच्या मागें बिळांत उतरतो व डोकें तेवढें बाहेर ठेवून भक्ष्याची वाट पाहतो. मोठ्या माशानें गिळल्यावर कांहीं सर्पमीन त्याचें जठर ह्याच टोंकानें फोडतात. पण बाहेर न पडतां त्याच्या पोटाच्या पोकळींत अडकून मरतात.

ह्या कुलांतील ‘बोरो’ नांवाची जात आपल्या देशांतील खाड्यांत आणि भातशेतांच्या चिखलांतही आढळते. फ्रान्सिस हॅमिल्टन ह्यांनीं गंगेंतील माशांवरील ग्रंथांत १८२२ सालीं तिचें वर्णन केलें. ती शेपटानें आणि डोक्यानेंही बीळ करते. तिचे डोळे बारीक व जाड त्वचेनें झांकलेले असतात.

वाम आणि सर्पमीन जवळचे आप्त नव्हेत, आणि सापाशीं तर दोघांचेंही नातें नाहीं. सारखेपणा आहे तो राहणीचा. अरुंद वाटेनें ज्यास नित्य जावयाचें, त्यास अंगावर पसारा ठेवून चालत नाहीं. म्हणून इतर माशांस पोटाखालीं असणारे दोन पर ह्या दोघांसही नाहींत.

ओळखण्याची खूण सोपी आहे. माशास कल्ले व पर असतात, सापास नसतात. सापाची जीभ दुभंगलेली असते आणि श्वासासाठीं त्यास डोकें पाण्याबाहेर काढावें लागतें. आपल्याकडील पाणदिवड तर सर्प असूनही बिनविषारी आहे. तरीही ओळख न पटल्यास मुलांनीं हात लावूं नये, धोंडाही उचलूं नये. दूर उभें राहून पाहावें.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडील पूर्णा तापीस मिळते; पैनगंगेचें पाणी वर्धा व प्राणहिता ह्यांतून गोदावरीस जातें. नद्यांच्या दिशा भिन्न, पण वामेस दोहींकडे हवी असते ती वाळूच. पात्रांतून ती उपसून नेली म्हणजे आपणांस खड्डा तेवढा दिसतो. त्या माशाचें घर मोडलेलें असतें. धोंड्यानें एक वाम मरते, वाळू गेली कीं वामेचा वंशच उठतो. नदीवर मुलांस नेणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं ह्या दोन्ही गोष्टी त्यांस सांगाव्या. मी त्या सांगूं लागलों, पण एक जीव गेल्यानंतर.