कोठारें आणि विहिरी

मुंबईच्या घरांत सकाळीं नळाला पाणी येतें तेव्हां तें कोठून आलें याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. शहापूर तालुक्यांत तानसा नदीला धरण बांधून १८९२ सालीं तानसा तलाव पुरा झाला आणि त्याचें पाणी मोठमोठ्या नळांतून शहराकडे वाहूं लागलें. पुढें मोडकसागर आणि भातसा यांचेंही पाणी मुंबईस मिळालें. परंतु याच शहापुरांत आणि शेजारच्या मुरबाडांत चैत्र-वैशाख आला कीं पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन आटत चाललेल्या विहिरींची वाट धरतात. कित्येक ठिकाणीं टँकर येईल तेव्हांच पाणी. पावसाळ्यांत मात्र या डोंगरांत धो धो पाऊस कोसळतो. तेव्हां येथला प्रश्न पाऊस किती पडतो हा नसून, सांठविलेल्या पाण्यावर हक्क कोणाचा, हा आहे.

हाच प्रश्न साडेसोळाशें वर्षांपूर्वीं धान्याच्या कोठारांविषयीं विचारला गेला. विचारणारा होता बेसिल, कप्पदुकिया प्रांतांतील कैसरिया नगरीचा धर्मोपदेशक. ही नगरी म्हणजे आजच्या तुर्कस्थानांतील कायसेरी. इ. स. ३६८-६९ च्या सुमारास तेथें भीषण अवर्षण पडलें. हिंवाळा बर्फाविना गेला, वसंत पावसाविना. नद्या आटल्या. नगरी समुद्रापासून दूर असल्यामुळें जहाजानें धान्य आणण्याचीही सोय नव्हती. ज्यांच्यापाशीं सांठा होता त्यांनीं कोठारांना कुलपें घातलीं आणि ते भाव चढण्याची वाट पाहत बसले. बेसिल तेव्हां बिशपही झाला नव्हता. तें पद त्याला ३७० सालीं मिळालें.

त्या दिवसांतील त्याच्या एका प्रवचनाचा आरंभ आमोस या संदेष्ट्याच्या वचनानें होतो. संदेष्टा म्हणजे पुढचें भविष्य वर्तविणारा जोशी, असा समज आपल्याकडे पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाहीं. इ. स. पूर्व आठव्या शतकांतील आमोस हा तकोवा गांवचा मेंढपाळ. त्याचें काम होतें चालू काळाचा दोष काळाच्या तोंडावर सांगण्याचें. शोमरोनच्या धनिकांचे हस्तिदंती महाल, व्यापाऱ्यांचीं खोटीं मापें, जोड्याच्या मोलानें गरिबाला विकणारी सावकारी, हें सर्व त्यानें नांव घेऊन सांगितलें आणि अशा हातांनीं केलेले उत्सव व यज्ञ देवाला नकोत असें बजावलें. बेसिलनें तोच सूर उचलला. पावसासाठीं प्रार्थना ठेवली तर मोठीं माणसें आपल्या धंद्यावरच राहिलीं आणि त्यांनीं पोरांना पाठवून दिलें. पोरांना शाळा चुकल्याचाच आनंद! हा टोला त्या प्रवचनांतलाच आहे.

लूकच्या शुभवर्तमानांत एका धनिकाचा दृष्टांत आहे. पीक उदंड आलें म्हणून तो जुनीं कोठारें पाडून मोठीं बांधण्याचा बेत करतो. या दृष्टांतावर बेसिलनें जें सांगितलें तें आजही झोंबतें. गरजेपेक्षां अधिक सांठविलेलें धान्य मालकाचें नव्हे, उपाशी माणसाचें आहे. तें न देणें ही दानधर्मांतली उणीव नसून ती चोरी आहे, असा त्याचा रोख. नाटकगृहांत आधीं जाऊन बसलेल्यानें मागून येणाऱ्यांना मज्जाव करावा, तसा हा धनिक. दुसरा दाखला विहिरीचा: उपसली तर ती अधिक वाहते, तशीच राहूं दिली तर नासते. शहापूरच्या कोणाही बाईला हा दाखला समजावून सांगावा लागणार नाहीं.

पण केवळ कठोर शब्दांच्या जोरावर हीं प्रवचनें टिकलीं नसतीं. धान्यासाठीं पोटचें मूल विकावयास निघालेला बाप त्यांत आहे. थोरलें विकावें कीं धाकटें, याचा त्याला निर्णय होत नाहीं. उपासमारीनें देह कसा झिजतो याचें वर्णन वैद्याच्या बारकाईनें केलेलें आहे. येथें टीका आणि करुणा वेगळ्या काढतां येत नाहींत. तो बाप ज्यानें पाहिला, त्यालाच कोठाराच्या कुलपाचा संताप येतो. त्याचा मित्र नाझियांझचा ग्रेगरी सांगतो कीं, बेसिलनें धनिकांचीं कोठारें उघडविलीं, भुकेलेल्यांना जमविलें, आमटीचीं भांडीं चुलीवर चढविलीं आणि स्वतः सेवेला उभा राहिला. पुढें नगराबाहेर रुग्ण, वाटसरू व कुष्ठरोगी यांच्यासाठीं त्यानें एक वसाहतच उभारली.

त्याच्या विचाराला मर्यादा होत्या. सावकारीवर त्यानें प्रहार केले, तरी गुलामगिरी मोडा असें तो म्हणाला नाहीं. माणसानें माणसाचा धनी व्हावें या कल्पनेवरच घाव घालण्याचें धैर्य त्याच्या धाकट्या भावानें, निसाच्या ग्रेगरीनें दाखविलें. शिवाय सारी मदार धनिकाच्या पश्चात्तापावर ठेवली, कीं दुष्काळ सरतांच तो पश्चात्तापही सरण्याचें भय असतें.

ही परंपरा ठाणे जिल्ह्याला अपरिचित नाहीं. वसई २०१४ पर्यंत याच जिल्ह्यांत होती. आतां ती पालघरमध्यें मोडते. तेथील कॅथलिक धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें, बागायतीचा हरित पट्टा इमारतींना मोकळा करण्याविरुद्ध आणि विहिरींचें पाणी टँकरनें विकणाऱ्यांविरुद्ध लोकांना उभें केलें. बेसिलचा दाखला येथें नेमका उलटा झाला. विहीर उपसणें हाच येथें अपराध ठरला; कारण उपसा तहानलेल्यासाठीं नव्हता, विक्रीसाठीं होता. याच फादरांनीं बायबल नव्यानें मराठींत आणलें. ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद-पुरस्कार मिळाला. २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैंत त्यांचें निधन झालें. आमोसाचे शब्द मराठींत लिहिणारा आणि टँकरवाल्यांशीं झगडणारा माणूस एकच असावा, हा निव्वळ योगायोग मानणें कठीण आहे.

शहापूरच्या टंचाईग्रस्त गांवांसाठीं पुढें जी मोठी योजना आंखण्यांत आली, ती तानसाची नव्हे कीं भातसाचीही नव्हे. नाशिक जिल्ह्यांतील भावली धरणाचें पाणी घाट उतरवून या गांवांना द्यावें, अशी ती योजना आहे. तानसाचे नळ पूर्वीप्रमाणेंच मुंबईकडे जातात.