तडजोड की मांडवली?

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. घटना समितीचा धडा मी कितीतरी वर्षे एकाच पद्धतीने शिकवत आलो. ९ डिसेंबर १९४६ रोजी पहिली बैठक, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानाचा स्वीकार. मसुद्यावर ७,६३५ उपसूचना आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हे आकडे फळ्यावर लिहून झाले की मी एक वाक्य सांगत असे : इतक्या भिन्न मतांच्या लोकांनी एकमेकांना समजून घेतले, तडजोडी केल्या, म्हणून हे संविधान उभे राहिले. मुले ते उतरवून घेत आणि परीक्षेत तेच वाक्य माझ्याकडे परत येई.

काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर न करताच विचारले, "म्हणजे मांडवलीच केली ना, सर?" वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. बांधाचे भांडण, सोसायटीच्या निवडणुकीत ऐनवेळी मागे घेतलेला अर्ज, मोटारसायकलच्या अपघातानंतर चौकीबाहेर चहाच्या टपरीवर मिटलेले प्रकरण : या मुलांनी मांडवली डोळ्यांनी पाहिली आहे. तडजोड त्यांना पुस्तकातून कळते, मांडवली घरातून. या दोहोंत फरक काय, हे मला तेव्हा नीट सांगता आले नसते. त्या उन्हाळ्याच्या सुटीत मी घटना समितीच्या चर्चांचे खंड वाचायला घेतले. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा आणि नंतर वर्गात जे घडले त्याचा हिशेब आहे.

तीन दिवस, चार कलमे

सुरुवात मी २२, २३ आणि २४ नोव्हेंबर १९४८ या तीन दिवसांपासून करतो, कारण तडजोडीचे एक मुख्य तंत्र तिथे उघड दिसते. ते तंत्र म्हणजे जागा बदलणे. संविधानात मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाता येते. राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे मात्र न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत. ज्या मागणीला नाही म्हणणे कठीण आणि हो म्हणणे त्याहून कठीण, ती पहिल्या घरातून दुसऱ्या घरात हलवली गेली.

पहिली मागणी ग्रामपंचायतींची. मसुद्यात खेड्याला स्थान नाही, अशी गांधीविचाराच्या सदस्यांची तक्रार होती. ४ नोव्हेंबरला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याविषयी अत्यंत कठोर शब्द वापरले होते. संकुचितपणा आणि जातीयता यांचे ते घर आहे, असा त्यांचा आशय होता. त्यावर बरीच नाराजी उमटली. २२ तारखेला के. संथानम यांनी ग्रामपंचायती स्थापन करण्याविषयीचे कलम सुचवले आणि आंबेडकरांनी ही सूचना आपल्याला मान्य आहे एवढेच सांगितले. त्यांनी आपले मत बदलले नाही आणि ते लपवलेही नाही. कलम मात्र मार्गदर्शक तत्त्वांत आले. आजचे ४० वे कलम ते हेच.

दुसऱ्या दिवशी समान नागरी कायदा. त्याची गोष्ट १९४७ पासूनची आहे. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत मिनू मसानी, हंसा मेहता आणि राजकुमारी अमृत कौर यांना हा विषय न्यायालयात दाद मागता येईल अशा भागात हवा होता. ते हरले आणि त्यांनी आपली असहमती लेखी नोंदवली. सभागृहात उलट बाजूने काही मुस्लिम सदस्यांनी, व्यक्तिगत कायद्याला हात लावला जाणार नाही अशी हमी कलमातच द्या, अशा उपसूचना मांडल्या. आंबेडकरांनी त्या स्वीकारल्या नाहीत. पण पुढची संसद हा कायदा प्रथम केवळ स्वेच्छेने मान्य करणाऱ्यांपुरता करू शकेल, असा दिलासा दिला. दोन्ही बाजू अपुऱ्या समाधानाने उठल्या.

२४ तारखेला गोवंशहत्याबंदी. सेठ गोविंददास यांना ही बंदी मूलभूत हक्कांत हवी होती. हे हक्क माणसांचे असतात, पशूंचे नव्हेत, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे त्यांनीच सभागृहात नमूद केले. पंडित ठाकुरदास भार्गव यांची उपसूचना मार्गदर्शक तत्त्वांत आली आणि तिची मांडणी शेती व पशुसंवर्धन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने करण्याच्या वाक्यात झाली. यावर सय्यद मोहम्मद सादुल्ला यांचे म्हणणे मुलांना फार विचार करायला लावते. कारण धार्मिक असेल तर तसे स्पष्ट सांगा, आर्थिक कारणांचा आडोसा घेतलात तर शंका वाढेल, असा त्यांचा आशय होता. झेड. एच. लारी यांनीही संदिग्धतेपेक्षा स्पष्ट निर्णय बरा, असे सुनावले.

याच दिवसांत दारूबंदीचीही चर्चा झाली. कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर यांनी तिला विरोध केला. जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या धार्मिक विधींत तांदळाच्या मद्याला असलेले स्थान सांगितले. आंबेडकरांचे उत्तर असे की हे तत्त्व आहे, ते केव्हा आणि कसे अमलात आणायचे याची मोकळीक राज्याला आहे.

हे वाचून दाखवले की वर्गात कोणीतरी म्हणतेच : "म्हणजे ज्याचा निकाल लावायचा नव्हता ते मार्गदर्शक तत्त्वांत टाकून दिले." हा आरोप नवा नाही. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी त्याच चर्चेत या तत्त्वांची तुलना, बँकेला सवड होईल तेव्हा वटणाऱ्या धनादेशाशी केली होती. मात्र मी मुलांना विचारतो, टाकून दिले तर मग ही चारही कलमे आजपर्यंत भांडणाचा विषय का राहिली? घटना समितीने प्रश्न मिटवला नाही. तो पुढच्या पिढ्यांच्या नावावर करून ठेवला, आणि कोणाची हरकत काय होती याच्या नोंदीसकट.

मुदत आणि शब्द

दुसरे तंत्र मुदतीचे, तिसरे शब्दाचे. ही दोन्ही भाषेच्या वादात एकत्र सापडतात. तो वाद सांगण्याआधी मी वर्गात एक प्रयोग करतो. समजा, आपल्या कॉलेजचा सगळा कारभार एकाच भाषेत चालवायचा आहे. भाषा तुम्ही ठरवा. पहिल्या वर्षी अर्ध्याहून अधिक हात अहिराणीसाठी वर झाले, कारण बहुतेकांच्या घरी तीच बोलतात. टाळ्या पडल्या. मग पावरी बोलणारी तीन मुले आणि उर्दू शाळेतून आलेल्या दोन मुली यांच्याकडे पाहून मी विचारले, "मतदानात हरलेल्यांनी आता काय करायचे?" एक पावरी मुलगा शांतपणे म्हणाला, "दाखला काढून घ्यायचा."

त्यानंतरची पंधरा मिनिटे मी बोललो नाही. शेवटी मुलांनीच ठरवले ते असे : दोन वर्षे सूचना मराठीतही लावायच्या, तोवर ज्यांना येत नाही त्यांनी अहिराणी शिकायची, आणि तिला "कॉलेजची भाषा" न म्हणता "कामकाजाची भाषा" म्हणायचे. मग मी ३४३ वे कलम वाचून दाखवले. मुदत तीच, शब्दाची युक्ती तीच. वर्ग चकित झाला. खरे तर मीही झालो.

घटना समितीत ही चर्चा १२ ते १४ सप्टेंबर १९४९ या तीन दिवसांत झाली. पण तिची सुरुवात फार आधीची. १० डिसेंबर १९४६ रोजीच झाशीचे आर. व्ही. धुळेकर यांनी, ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना भारतात राहण्याचा अधिकार नाही, अशा अर्थाचे विधान केले होते. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी नंतर हिंदीच्या साम्राज्यवादाविरुद्ध इशारा दिला. जो तोडगा निघाला तो मुन्शी-अय्यंगार सूत्र म्हणून ओळखला जातो. देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा. "राष्ट्रभाषा" हा शब्द कलमात नाही. इंग्रजी पंधरा वर्षे चालू. मराठीसह चौदा भाषांची आठवी अनुसूची.

सगळ्यांत चिवट वाद झाला तो अंकांवरून. पुरुषोत्तमदास टंडन यांच्यासारख्या हिंदीच्या आग्रही सदस्यांना देवनागरी अंक हवे होते, दक्षिणेला ते नको होते. कलमात जे उतरले ते शब्दयोजनेचा नमुना आहे : "भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय स्वरूप". ज्यांना आपण सर्रास इंग्रजी आकडे म्हणतो त्यांचे मूळ भारतीय असल्याची आठवण या नावात आहे, त्यामुळे हरलेल्यांनाही मान खाली घालावी लागली नाही. या लेखातली सालेही देवनागरी अंकांत छापलेली आहेत, कारण तो नियम संघराज्याच्या शासकीय कामापुरता आहे; दिवाळी अंकाला तो लागू नाही.

इथे मागच्या बाकावरच्या त्या मुलाचे थोडे खरे निघते, हे मी लपवत नाही. या सूत्राची खरी लढाई काँग्रेस पक्षाच्या बंद बैठकांत झाली आणि त्या बैठकांचे इतिवृत्त सभागृहाच्या खंडांत नाही. आणि मुदतींचे काय झाले? इंग्रजीची पंधरा वर्षे २६ जानेवारी १९६५ ला संपायची होती. मद्रास राज्यात आंदोलन पेटले, माणसे मेली. १९६३ चा राजभाषा कायदा आणि त्याची १९६७ ची दुरुस्ती यांनी इंग्रजी चालूच राहिली. लोकसभा-विधानसभांतील राखीव जागांची मुदत दहा वर्षांची होती. अनुसूचित जाती-जमातींसाठी ती दर वेळी वाढत जाऊन आता २०३० पर्यंत आली आहे. मुदत म्हणजे उत्तर नव्हे, एवढे मुलांच्या लक्षात येते.

भरपाईचे कलम

इथपर्यंतचा धडा मला सोयीचा होता. सोयीचा नव्हता तो २१ व्या कलमाचा.

मूलभूत हक्कांच्या आधीच्या मसुद्यात, कायद्याच्या योग्य प्रक्रियेशिवाय कोणाचेही स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, अशा अर्थाचा अमेरिकी धर्तीचा शब्दप्रयोग होता. त्यात न्यायालयाला कायद्याचा न्याय्यपणा तपासता येतो. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत जाऊन न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले. न्यायाधीशांच्या हाती इतकी सत्ता देऊ नये, असे त्यांचे मत झाले. मसुदा समितीने शब्द बदलले : "कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती". म्हणजे कायदा केला की झाले. डिसेंबर १९४८ मध्ये अनेक सदस्यांनी जुने शब्द परत मागितले. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि निर्णय सभागृहावर सोडला. नवे शब्द कायम राहिले.

पण खुद्द आंबेडकरांना ते बोचत असावे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी नवे कलम आणले : अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा हक्क, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे. आधी जे झाले त्याची ही भरपाई आहे, असे त्यांनी सांगितले. आजचे २२ वे कलम ते हेच. मात्र त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा मिळाली. अशा माणसाला वकिलाचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क नाही, आणि सल्लागार मंडळापुढे न जाता त्याला तीन महिने डांबता येते. संविधान लागू होऊन महिना होतो न होतो तोच, फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला.

मी हे "सुरक्षा आणि स्वातंत्र्य यांचा समतोल" असे म्हणून आवरते घेत होतो. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, म्हणाली, "माझे आजोबा मिसाखाली दीड वर्ष आत होते, सर. आजी दोन पोरांना घेऊन मजुरीला जायची. या तडजोडीत त्यांना काय मिळाले?"

मी पुस्तक मिटले. तिला द्यायला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी पुढचा इतिहास घेऊन गेलो. मिसा १९७१ चा. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी दाद मागता येणार नाही, असा निर्णय चार विरुद्ध एक मतांनी दिला. असहमत एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने, कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे, असे ठरवले. घटना समितीने जे नाकारले होते ते जवळजवळ तीस वर्षांनी मागच्या दाराने आत आले. त्याच वर्षीच्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही २१ वे कलम स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली. त्याच दुरुस्तीत तीन महिन्यांचे दोन महिने करणारा भागही होता. संसदेने तो मंजूर केला, पण अमलात मात्र अजून आणलेला नाही.

मुलीने सगळे लिहून घेतले. "म्हणजे आजोबांचे राहिलेच," ती म्हणाली. मी "हो" म्हणालो.

तेव्हापासून मी फळ्यावरचे ते जुने वाक्य सांगत नाही. त्याऐवजी प्रत्येक कलमाला चार प्रश्न विचारायला लावतो. कोणी काय सोडले? बदल्यात काय मिळाले? हरलेल्याचे म्हणणे कुठे नोंदले आहे का, आणि तो विषय पुन्हा उघडता येतो का? आणि शेवटचा, त्या मुलीचा : जे त्या सभागृहात नव्हते, त्यांतल्या कोणी किंमत मोजली? मांडवलीत तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच नसते. तिथे तोंडे बंद करायचीच अट असते. घटना समितीच्या बहुतेक कलमांना त्याचे उत्तर आहे, आणि मला तोच फरक सांगता येतो. चौथ्या प्रश्नापुढे मात्र तडजोडही पुष्कळदा निरुत्तर होते. ते मान्य करूनच ती शिकवावी लागते.

मुले अजून विचारतात, "सर, पेपरात काय लिहायचे?" मी सांगतो, आधी पुस्तकातले वाक्य लिहा, म्हणजे गुण मिळतील. मग जागा उरली तर चौथा प्रश्न लिहा.