विमानप्रवासातील सामान : नियम, शुल्क आणि प्रवाशांचे हक्क

ओझर हे नाव देशाला परिचित झाले ते लढाऊ विमानांमुळे. 1964 साली येथे मिग विमानांच्या निर्मितीसाठी कारखाना उभारण्यात आला आणि पुढे तो हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा एक महत्त्वाचा विभाग बनला. याच धावपट्टीलगत 2014 मध्ये प्रवाशांसाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली. ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर 2017 मध्ये वीसहून कमी आसनांच्या छोट्या विमानांची सेवा सुरू झाली, आणि मार्च 2023 पासून गोवा, अहमदाबाद, नागपूर या शहरांकडे सुमारे 78 आसनी विमाने झेपावू लागली. त्यामुळे ज्यांनी पूर्वी विमान केवळ आकाशात पाहिले होते, असे द्राक्ष बागायतदार, शिक्षक, पंचायत सदस्य आणि यात्रेकरूही आता विमानाने प्रवास करू लागले आहेत.

या नव्या प्रवाशांपुढील अडचण बहुधा तिकिटाची नसते, ती सामानाची असते. एस.टी. वा रेल्वेच्या प्रवासात सामान उचलता आले की ते नेता येते, असा आपला अनुभव आहे. विमानात मात्र प्रत्येक किलोचा हिशेब होतो. हा हिशेब तिकीट काढताना समजून घेतला तर खर्च थोडा येतो. विमानतळावरील काउंटरसमोर समजला तर तो बराच महाग पडतो.

वजनाला एवढे महत्त्व का?

विमान, इंधन, प्रवासी आणि सामान या सर्वांच्या एकत्रित वजनाला उड्डाणाच्या वेळी निश्चित मर्यादा असते. हे वजन विमानाच्या पुढील व मागील भागांत समतोल विभागलेले असणेही आवश्यक असते. उष्ण हवा विरळ असते, म्हणून तीव्र उन्हाळ्यात विमानाची भार उचलण्याची क्षमता काहीशी घटते. समुद्रसपाटीपासूनची उंची वाढली तरी तसेच होते. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर वसलेले आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. विमान जितके लहान, तितका थोड्या वजनाचाही परिणाम अधिक. वजनाच्या नियमामागे कंपनीचा व्यापारी हिशेब आहे हे खरे. परंतु त्याच्या मुळाशी सुरक्षिततेचे शास्त्र आहे.

दोन प्रकारचे सामान

प्रवाशाने स्वतःजवळ ठेवावयाच्या सामानास केबिन बॅग म्हणतात. देशांतर्गत प्रवासात साधारण श्रेणीच्या प्रवाशाला सामान्यतः 7 किलो वजनाची एक बॅग नेता येते. तिची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज 115 सेंटिमीटरच्या आत असावी लागते. लहान विमानांत डोक्यावरील कप्पे अरुंद असल्याने ही मर्यादा आणखी कमी असू शकते.

काउंटरवर सोपवून विमानाच्या पोटात जाणारे ते चेक-इन सामान. त्याची मोफत मर्यादा बहुतेक कंपन्यांकडे 15 किलो आहे. 2013 पूर्वी बहुतेक खासगी कंपन्या 20 किलो सामान मोफत नेत. फेब्रुवारी 2021 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चेक-इन सामानाविना स्वस्त तिकीट विकण्यास कंपन्यांना मुभा दिली. म्हणून सर्वांत स्वस्त तिकीट घेताना त्यात किती किलो सामान समाविष्ट आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. ती मर्यादा तिकिटावर किलोमध्ये नमूद केलेली असते.

जादा सामानाचे शुल्क

मर्यादेपेक्षा अधिक सामान असल्यास विमानतळावर प्रतिकिलो शुल्क आकारले जाते. अनेक कंपन्यांचा हा दर 500 रुपयांच्या पुढे आहे. तेच वजन उड्डाणापूर्वी ठरावीक मुदतीत आगाऊ नोंदवल्यास सामान्यतः कमी पैसे पडतात. विद्यार्थी व सैनिक यांना काही कंपन्या ओळखपत्र पाहून जादा वजनाची सवलत देतात. मात्र ती तिकीट काढतानाच मागावी लागते.

परदेशातून घरी परतणाऱ्यांची गफलत विशेष मोठी होते. अमेरिकेकडून येणाऱ्या अनेक तिकिटांवर प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगा, म्हणजे 46 किलो सामान नेता येते. समजा, अशा प्रवाशाने दिल्लीपर्यंतचे तिकीट वेगळे आणि दिल्ली ते नाशिक हे तिकीट वेगळे काढले. दुसऱ्या तिकिटावर त्याला 15 किलोचीच मर्यादा लागू होईल. उरलेल्या 31 किलोंना प्रतिकिलो 500 रुपये धरले तरी 15,500 रुपये भरावे लागतील. ही रक्कम कित्येकदा तिकिटापेक्षाही अधिक असते. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर साधारणतः आंतरराष्ट्रीय मर्यादाच शेवटपर्यंत लागू राहते.

पैसे भरूनही जे नेता येत नाही

वजनाचा नियम पैशाने शिथिल होतो. सुरक्षिततेचा होत नाही. हा भेद प्रत्येक प्रवाशाने मनावर ठसवून घ्यावा. पॉवर बँक व सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात कदापि ठेवू नयेत. त्यांना आग लागल्यास केबिनमध्ये ती विझविता येते. सामानाच्या कप्प्यापर्यंत उड्डाणात कोणी पोहोचू शकत नाही. 100 वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक केबिनमध्ये नेता येते. नेहमीची 20,000 मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक सुमारे 74 वॉट-तासांची असते.

यात्रेकरूंच्या पिशवीतील काही वस्तूंबाबतही दक्षता हवी. कापूर हा ज्वालाग्राही पदार्थ आहे. तो आणि आगपेटी विमानात नेता येत नाही. सुक्या खोबऱ्यातील तेलाचा हवेशी संयोग होऊन ते आपोआप तापू शकते, म्हणून चेक-इन सामानात ते स्वीकारले जात नाही. चाकू, कात्री, विळी यांसारखी धारदार हत्यारे केबिनमध्ये चालत नाहीत. तिखटाची पूड केबिन बॅगेत न ठेवता चेक-इन सामानात ठेवावी. आंतरराष्ट्रीय उड्डाणात केबिनमधील द्रवपदार्थाची प्रत्येक बाटली 100 मिलिलिटरपर्यंतचीच असावी लागते. रामकुंडावरून घेतलेल्या गोदावरीच्या तीर्थालाही हाच नियम लागू आहे. 2026–27 च्या सिंहस्थ पर्वणीनिमित्त दूरदूरचे भाविक नाशिकला येतील, तेव्हा ही माहिती त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचणे इष्ट ठरेल.

सामान हरवल्यास किंवा मोडल्यास

सामान सोपवताना मिळणारा टॅगचा तुकडा ही प्रवाशाची पावती होय. तो प्रवास पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावा. सामान आले नाही अथवा मोडलेले मिळाले, तर आगमन कक्षातून बाहेर पडण्यापूर्वीच कंपनीच्या कर्मचाऱ्याकडे लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. मोडतोडीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून 7 दिवसांत आणि विलंबाची 21 दिवसांत करणे आवश्यक आहे.

1972 च्या हवाई वाहतूक कायद्याखाली 2014 मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार देशांतर्गत प्रवासात सामानासंबंधी कंपनीचे दायित्व प्रत्येक प्रवाशामागे कमाल 20,000 रुपये आहे. सोपवतानाच अधिक किमतीची घोषणा करून जादा आकार भरल्यास ही मर्यादा वाढू शकते. ही सरसकट मिळणारी रक्कम नव्हे; नुकसान दाखवून द्यावे लागते. म्हणून दागिने, रोकड, औषधे, मूळ प्रमाणपत्रे आणि जमिनीचे कागद केबिन बॅगेतच ठेवावेत. कंपनीकडून दाद न मिळाल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअर सेवा’ या व्यवस्थेकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येते.

निघण्यापूर्वी

घरात माणसाचे वजन करण्याचा काटा असल्यास प्रथम स्वतः उभे राहावे, नंतर बॅग हाती घेऊन उभे राहावे; दोन्ही वजनांतील फरक हे बॅगेचे वजन. परतीच्या वेळी भेटवस्तूंची भर पडते, म्हणून जाताना दोन-तीन किलोंची जागा राखावी. बॅगेच्या बाहेर व आत नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहावा, आणि बॅगेचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

अभ्यासदौरा वा सहल नेताना शिक्षकांनी आणि पंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनी एका जबाबदार व्यक्तीकडे सर्वांच्या तिकिटांवरील सामानमर्यादेची यादी सोपवावी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या बॅगेचे वजन करून घ्यावे. प्रथमच विमानात बसणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा वृद्ध यात्रेकरूला काउंटरसमोर, रांगेतील सर्वांच्या देखत, बॅग उघडून आईने दिलेल्या डब्यांतून काय ठेवावे आणि काय टाकावे याची निवड करावी लागू नये. ही वेळ टाळणे अवघड नाही. त्यासाठी तिकिटावरील दोन ओळी वाचणारा आणि इतरांना त्या समजावून सांगणारा एक माणूस गावात असला, तरी पुरेसे आहे.