इंग्लंडांतील जुने बार्न व त्यांचीं समारंभगृहें

जुनी पोथी हातीं आली म्हणजे संशोधक आधीं तिचें शेवटचें पान पाहतो. शक, मिति, लेखनस्थळ आणि लेखकाचें नांव हीं पुष्पिकेंत सांपडतात; तें पान गेलेलें असेल तर अक्षराच्या वळणावरून व कागदाच्या जातीवरून अदमास बांधीत बसावें लागतें. इंग्लंडांत ‘बार्न’ या नांवाच्या ज्या मध्ययुगीन शेतीच्या इमारती आहेत, त्यांनाहि अशी पुष्पिका असते. ती कागदावर नसून त्यांच्या लांकडांत, सालीलगतच्या थरांत असते. गेल्या तीस वर्षांत या इमारती लग्नें, मेजवान्या, गायनवादन व सभा यांकरितां भाड्यानें देण्याजोग्या करण्याचा तेथें मोठा प्रघात पडला आहे, आणि दुरुस्तीचा पहिला घाव पुष्कळदां त्याच थरावर पडतो. या रूपांतरांत काय राहतें व काय जातें, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम इमारतीविषयीं. बार्न म्हणजे नुसतें अंबार नव्हे. आपल्याकडे सुगीनंतर आकाश निरभ्र असे, म्हणून उघड्या खळ्यांत तिवड्याभोंवतीं बैल फिरवून मळणी होई, आणि वाऱ्यावर उफणून धान्य निराळें केलें कीं मग तें पेवांत किंवा कणगींत जाई. इंग्लंडांत सुगीच्या पाठोपाठ पावसाळी व दमट हिंवाळा येतो. तेथें पेंढ्याच छपराखालीं आणून रचाव्या लागत, व हिंवाळाभर मजूर त्या दांडक्यांनीं झोडपून थोडें थोडें धान्य काढीत. म्हणून कोठार व खळें हीं दोन्हीं एकाच छपराखालीं आलीं. लांब बाजूच्या भिंतींत समोरासमोर दोन उंच दारें. भरलेली गाडी एका दारानें आंत यावी व रिकामी होऊन दुसऱ्यानें निघावी, अशी सोय. त्या दोन दारांमधील जमीन म्हणजे खळें. दोनहि दारें उघडलीं म्हणजे आरपार वारा खेळे व त्यावर उफणणी होई. खळ्याच्या दोहों अंगांस पेंढ्या व काड रचण्याचे खण. मोठ्या बार्नांत मधला भाग उंच, आणि खांबांच्या ओळींपलीकडे पडव्यांसारखे सखल भाग असतात. त्यामुळें आंत उभें राहिल्यास एखाद्या विस्तीर्ण सभामंडपांत आल्यासारखें वाटतें. कवि जॉन बेट्जमन यांनीं हार्मंड्सवर्थच्या बार्नास मिडलसेक्स परगण्याचें कॅथीड्रल म्हटलें तें याच कारणानें.

या इमारतींस सरसकट ‘टाइद बार्न’, म्हणजे दशमांशाचें कोठार, म्हणण्याची चाल आहे. पिकाचा दहावा हिस्सा धर्मसंस्थेस देणें हा तेथील जुना दंडक होता. आमच्या वाचकांस सरदेशमुखीचे शेंकडा दहा सहजच आठवतील. मात्र तो वतनाचा हक्क होता व हा धर्मसंस्थेचा, हा भेद विसरतां कामा नये. परंतु ज्यांस हें नांव चिकटलें आहे त्यांपैकीं अनेक बार्न मठांच्या अगर जहागीरदारांच्या खासगत शेतीचे होते. ऑक्सफर्डशायरमधील ग्रेट कॉक्सवेलचा प्रसिद्ध बार्न ब्यूलीच्या मठाच्या शेतवाडीचा होता. दशमांश गोळा करण्याकरितां तो बांधलेला नव्हता. आपल्याकडे प्रत्येक जुनें दगडी देऊळ हेमाडपंती ठरतें, त्यांतलाच हा प्रकार. आतां भाड्याच्या जाहिरातींत ‘टाइद’ हा शब्द शोभून दिसतो, म्हणून ही चूक दुरुस्त होण्याची आशा आम्हांस फारशी वाटत नाहीं.

कागद व लांकूड यांची साक्ष कशी जुळते याचें उत्तम उदाहरण वर उल्लेखिलेला हार्मंड्सवर्थचा बार्न होय. हें गांव लंडनच्या पश्चिमेस, हीथ्रो विमानतळाच्या अगदीं शेजारीं आहे. विंचेस्टरचे बिशप विल्यम ऑफ विकहॅम यांनीं आपण स्थापिलेल्या विंचेस्टर कॉलेजच्या खर्चाची तजवीज म्हणून ही जहागीर चौदाव्या शतकाच्या अखेरीस मिळविली. जहागिरीचे हिशेब जतन झाल्यामुळें, पंधराव्या शतकाच्या पहिल्या पावांत हें काम चाललें होतें, हें कागदांवरून समजलें. पुढें लांकडाच्या वलयांची परीक्षा झाली, तेव्हां सन १४२६ हें साल निघालें. इमारतीची लांबी सुमारें १९२ फूट, रुंदी सुमारें ३७ फूट, खण १२. आणि बहुतेक लांकूड मूळचेंच. इतक्या मोलाची ही वास्तु मध्यंतरीं एका मालकाच्या हातीं मोडकळीस येऊं लागली होती. सन २०११-१२ च्या हिंवाळ्यांत इंग्लिश हेरिटेज या संस्थेनें ती २०,००० पौंडांस विकत घेऊन दुरुस्त केली.

वलयांची परीक्षा म्हणजे काय, हें थोडें विस्तारानें सांगणें जरूर आहे. ओकच्या झाडास दरवर्षीं एक वलय येतें. अनुकूल वर्षीं तें जाड, प्रतिकूल वर्षीं बारीक. एका मुलखांतील झाडांवर जाड-बारीक वलयांचा क्रम सारखा उमटतो, म्हणून हयात झाडांपासून आरंभ करून जुन्या तुळयांपर्यंत सांखळी जोडतां येते. मात्र साल ठरतें तें शेवटच्या वलयावरून. ओकच्या गाभ्याचें लांकूड काळसर व टिकाऊ असतें. सालीलगतचें लांकूड फिकट व मऊ असतें. इंग्लंडांत या फिकट लांकडाचीं वलयें बहुधा ९ ते ४१ इतकीं भरतात. सालीची कड शिल्लक असेल तर झाड कोणत्या वर्षीं, कधीं कधीं कोणत्या ऋतूंत तोडलें, हेंहि सांगतां येतें. आणि तेथील सुतार ओलेंच लांकूड वापरीत असल्यामुळें तोडणीचें साल तेंच जवळजवळ बांधणीचें साल. फिकट थर मुळींच नसेल तर झाड अमुक वर्षानंतर केव्हां तरी तोडलें, एवढेंच विधान उरतें.

आतां अडचण अशी कीं, किडा लागतो तो याच थराला. दुरुस्तीस आलेल्या कारागिरास तो पोखरलेला भुसा दिसतो. तो तासून, गाभ्याचें निकोप लांकूड उघडें करून देणें हें त्याच्या मतें उत्तम काम. पुष्पिकेचें पान वाळवीनें खाल्लें आहे म्हणून पोथी नीट बांधतांना तें काढून टाकण्यासारखेंच हें झालें.

लांकडावर इतरहि लेख असतात. सुतार आपल्या आवारांत सांगाडा जुळवून पाहत, मग तो सुटा करून जागेवर उभारीत. त्यासाठीं प्रत्येक सांध्यावर रोमन अंकांसारख्या खुणा कोरलेल्या असतात. जागोजाग मेणबत्तीच्या ज्योतीनें मुद्दाम पाडलेले डाग व कर्कटकानें काढलेलीं फुलासारखीं वर्तुळें आढळतात. तीं अरिष्टनिवारणार्थ असावींत असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. सांधे स्वतःच बोलके असतात. एसेक्समधील सेसिल ह्यूएट यांनीं खांब व तुळया यांच्या जोडणीचे प्रकार कालानुक्रमें लावून सन १९६९ मध्यें त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. आडव्या लांकडाचें टोंक खांबाच्या अंगावर खांच पाडून बसविण्याची रीत अगोदरची, व खांचेंत कुसूं घालून जोडण्याची रीत पुढें प्रबळ झालेली, अशा तऱ्हेचे त्यांचे निर्णय आहेत. त्यांनीं दिलेल्या कांहीं तारखा वलयांच्या परीक्षेनें मागेंपुढें सरकल्या. पण सांध्यांचें वाचन हें शास्त्र म्हणून उभें राहिलें तें त्यांच्यामुळें. वाळूच्या फवाऱ्यानें लांकूड घासून उजळ करण्याची टूम निघाली, तेव्हां पुष्कळ ठिकाणच्या या खुणा पुसल्या गेल्या.

या इमारती रिकाम्या कशा पडल्या? अँड्र्यू मीकल यांनीं सन १७८६ च्या सुमारास मळणीचें यंत्र काढलें व हळूहळू झोडपणीची जरूर राहिली नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर कापणी-मळणी एकदम करणारीं यंत्रें सर्वत्र झालीं. तीं जुन्या दारांतून आंत जात ना. दुसरीकडे सन १९४७ च्या नगररचना कायद्यानें ऐतिहासिक इमारतींची नोंद करण्याची व्यवस्था केली, व पुढें नोंदलेली इमारत परवानगीशिवाय पाडणें अथवा बदलणें हा गुन्हा ठरला. म्हणजे मालकास ती पाडतां येईना, वापरतां येईना, आणि एवढ्या मोठ्या छपराचा खर्च तर सुटेना. त्यांतून वाट निघाली ती विवाहाच्या कायद्यानें. इंग्लंड व वेल्समध्यें नोंदणी पद्धतीचा विवाह तोंपर्यंत सरकारी नोंदणी कचेरींतच लावावा लागे. सन १९९४ च्या कायद्यानें मंजूर केलेल्या इतर वास्तूंतहि तो लावण्याची मुभा दिली, व सन १९९५ पासून ती अमलांत आली. अट एक अशी कीं, त्या जागेचा चालू धार्मिक संबंध असतां कामा नये. ज्या बार्नांत एके काळीं मठाचें धान्य भरलें जाई, तेथें आतां धर्मविरहित विवाह लागतात तो याच कलमाच्या आधारें.

नवीन उपयोग हाच मुळीं वाईट, असें म्हणणाऱ्यांचा एक पक्ष आहे. आम्हीं त्या पक्षाचे नाहीं. बार्नाचा प्राण त्याच्या अखंड पोकळींत आहे. त्याचें राहतें घर केलें कीं माळे घातले जातात, भिंती उठतात, छपरांत खिडक्या फोडल्या जातात, व खांबांची ओळ चार खोल्यांत वांटली जाते. सभेस किंवा लग्नास मात्र ती पोकळी जशीच्या तशी हवी असते. या दृष्टीनें समारंभगृह हा त्यांतल्या त्यांत सौम्य उपयोग होय, आणि तो अगदीं नवाहि नव्हे. डेव्हनमधील डार्टिंग्टन येथें जुन्या बार्नाचें नाट्यगृह सन १९३० नंतरच्या दशकांत झालें, व त्या कामांत वाल्टर ग्रोपिअस यांचा हात होता. ही मालमत्ता सन १९२५ मध्यें घेणारे लेनर्ड एल्महर्स्ट हे त्यापूर्वीं रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनांत ग्रामसुधारणेचें काम करून गेलेले होते. मिडलसेक्समधील राइस्लिप येथें लहान बार्नाचें सन १९३७ मध्यें ग्रंथालय केलें. शेजारचा तेराव्या शतकांतील मोठा बार्न समारंभांना मिळतो. आगीचें भय मात्र नेहमींचेंच. सफोकमधील स्नेप येथें, बार्नांत नव्हे तर मद्याकरितां बार्लीस मोड आणण्याच्या जुन्या कारखान्यांत, सन १९६७ मध्यें संगीतगृह उघडलें. दोनच वर्षांनीं तें जळालें व सन १९७० मध्यें पुन्हां उभें केलें.

नुकसान होतें तें सोयींच्या पायीं. बार्न हा वारा खेळावा म्हणून बांधलेला. पाहुण्यांस ऊब हवी. फटी बुजवून, छपरास आंतून अस्तर लावून जोराची उष्णता सोडली कीं शतकानुशतकें दमट हवेस सरावलेलें लांकूड झपाट्यानें वाळतें व सांधे हलतात. जमिनीखालून उष्णतेच्या नळ्या नेण्याकरितां खळें खणलें जातें. तीच तर इमारतीची सर्वांत जुनी पातळी, आणि पूर्वींच्या खांबांचे खळगे तिच्याखालींच असावयाचे. स्वयंपाकघर व शौचकूप मुख्य इमारतींत न आणतां शेजारच्या गोठ्यांत केले तर अर्धें संकट टळतें. वटवाघळांस व गव्हाणी घुबडांस सन १९८१ च्या कायद्यानें संरक्षण असल्यामुळें पुष्कळदां काम खोळंबतें. मालक कुरकुरतात, पण त्या अवधींत नकाशे व छायाचित्रें घेऊन होतात, हा लाभ लहान नाहीं.

नीट झालेल्या कामाचा नमुना पाहावयाचा तर एसेक्समध्यें. कॉगशल येथील तेराव्या शतकांतील बार्न कोसळण्याच्या बेतांत होता; स्थानिक सरकारनें तो सक्तीनें ताब्यांत घेऊन दुरुस्त केला व सन १९८९ मध्यें नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केला. जवळच क्रेसिंग टेंपल आहे. ही जागा सन ११३७ मध्यें राणी मटिल्डा हिनें टेंपलर पंथाच्या लढवय्या संन्याशांस इनाम दिली. तेथें त्यांचे सातूचा व गव्हाचा असे दोन बार्न उभे आहेत; वलयांवरून पहिला तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला व दुसरा उत्तरार्धांतला ठरतो. सन १९८७ पासून ही जागा परगण्याच्या कौन्सिलाकडे आहे. तेथें लग्नें लागतात व जत्राहि भरतात. परंतु आधीं लांकडाचा प्रत्येक सांधा पाहून नोंदला गेला, मग खुर्च्या आल्या.

आपल्या वाड्यांच्या बाबतींत हा क्रम बहुधा उलटा असतो. वाडा उतरला कीं सागवानी तुळया मोजून विकल्या जातात व विकत घेणारा त्या चारी बाजूंनीं रंधून घेतो. सागासहि वर्षाचें वलय येतें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं सागाच्या वलयांवरून गेल्या कांहीं शतकांच्या पावसाचा माग काढला आहे. तेव्हां कागदांकरितां वाड्यावर जाणाऱ्या आमच्या संग्राहकांनीं, करवत लागण्यापूर्वीं, एखाद्या तुळईच्या टोंकाचा वीतभर आडवा तुकडा मागून घ्यावा. त्याच्या एका कडेस सालीखालचा फिकट थर आहे ना हें पाहावें, आणि तुळई कोणत्या खणांतील, दक्षिणेकडची कीं उत्तरेकडची, हें त्यावरच शाईनें लिहून ठेवावें.