सांधा हाच जामीनदार

बँकेत असताना तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्या, पण घरातली साधी कडी मला हरवून गेली. एका रात्री न्हाणीघराचं दार अडकलं आणि सौ. आत कोंडल्या गेल्या. मी मोठ्या ऐटीत पदपथावर घेतलेली चौदा अवजारांची घडीची पक्कड काढली. जोर लावताच तिचा सांधाच निखळला! शेवटी शेजाऱ्यांच्या जुन्या पकडीनं दार उघडलं.

१९७५ मध्ये युरोपात जुनी फियाट दुरुस्त करताना अमेरिकेच्या टिम लेदरमन यांना खिशातल्या चाकूला पक्कड हवी होती, असं वाटलं. तसं अवजार बाजारात आणायला त्यांना १९८३ उजाडलं. टिकाऊपणाला वेळ लागतो.

म्हणून घेताना अवजारं मोजू नका. दांडे डुगडुगतात का, जबड्याची टोकं जुळतात का, उघडलेलं पातं पक्कं अडकतं का, ते पाहा. सांध्याला स्क्रू असेल तर सैल झाल्यावर कसता येतो. स्टेनलेसही गंजू शकतं. पुसून तेलाचा थेंब सोडा.

कर्ज देताना मी कागदांची जाडी नव्हे, जामीनदार पाहत असे. दुकानात मात्र विसरलो. सौ. अजून कडी लावत नाहीत.