दहा ग्रॅमचा राखणदार

एक तरुण उभा आहे. डाव्या खांद्यावरून सुटलेल्या उपरण्याखेरीज अंगावर काही नाही. उजव्या हातात अर्घ्य द्यायची उथळ थाळी, डाव्या हातात फळांनी भरलेले शिंग आणि डोक्यावर, जिथे मुकुट असायचा, तिथे धान्य मोजायचे माप. भोवती लॅटिन अक्षरे : ‘जेनिओ पोपुली रोमानी’. आकाराने हे नाणे साधारण आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढे, पण हाताला त्याहून जड. इ.स. 294च्या सुमारास सम्राट डायोक्लेशनच्या राज्यात ते पाडायला सुरुवात झाली आणि पुढची काही वर्षे ब्रिटनपासून इजिप्तपर्यंत जवळपास सगळ्या टांकसाळींतून हेच चित्र बाहेर पडत राहिले.

प्राचीन नाणी जमवायची म्हटली की बहुतेकांना सीझर हवा असतो, नीरो हवा असतो, सोने हवे असते. ही तांब्याची नाणी त्या मानाने स्वस्त आणि भरपूर मिळतात, म्हणून दुर्लक्षित राहतात. मला मात्र वाटते की दहा वेगवेगळे सम्राट गोळा करण्यापेक्षा या एकाच देवतेची दहा नाणी जमवणारा रोमन साम्राज्याबद्दल अधिक शिकतो. चित्र तेच राहते, म्हणून बाकी जे जे बदलते ते नजरेत भरते.

आधी ही देवता कोण ते पाहू. लॅटिनमध्ये तिचे नाव जेनियस. आज आपण अफाट बुद्धीच्या माणसाला ‘जीनियस’ म्हणतो तो शब्द इथूनच आला. मूळ धातूचा अर्थ मात्र जन्म देणे. प्रत्येक पुरुषाबरोबर त्याचा जेनियस जन्माला येतो, आयुष्यभर त्याची पाठराखण करतो, अशी रोमन लोकांची श्रद्धा होती. स्त्रीच्या अशा शक्तीला जूनो म्हणत. वाढदिवस हा खरे तर या जेनियसच्या पूजेचा दिवस. त्याला वाइन, धूप आणि गोड वड्या अर्पण करायच्या. पॉम्पेईमधील वेत्ती कुटुंबाच्या घरात देवघराची भिंत अजून शाबूत आहे. तिच्यावर मधोमध टोग्याचा पदर डोक्यावर घेतलेला जेनियस आहे, दोन्ही बाजूंना नाचऱ्या गृहदेवता आणि पायाशी एक मोठा साप. कोकणात आणि गोव्यात गावाच्या वेशीवरच्या राखणदाराला नारळ ठेवणाऱ्या माणसाला हे चित्र फारसे समजावून सांगावे लागणार नाही. म्हणून मी इथे ‘राखणदार’ हाच शब्द वापरतो.

राखणदार फक्त माणसालाच होता असे नाही. जागेला, लष्करी पलटणीला, शहराला आणि अखंड रोमन जनतेलाही तो होता. हॅनिबल इटलीत उतरला त्या इ.स.पू. 218च्या हिवाळ्यात अपशकुनांनी घाबरलेल्या रोमने या जेनियसला पाच मोठे पशू बळी दिल्याचे इतिहासकार लिव्ही नोंदवतो. नाण्यावर तो नावानिशी दिसतो इ.स.पू. 76-75च्या एका चांदीच्या दिनारावर. ग्नेयस कॉर्नेलियस लेंटुलस या अधिकाऱ्याने पाडलेल्या त्या नाण्यावर जेनियस दाढीवाला प्रौढ पुरुष आहे. मागच्या बाजूला राजदंड, पृथ्वीचा गोल आणि जहाजाचे सुकाणू. डायोक्लेशनच्या काळापर्यंत त्याची दाढी गेली आणि तो तरुण झाला. सम्राटांनीही मधल्या काळात त्याला आपल्याकडे ओढले होते. ऑगस्टसने रोमच्या गल्लीबोळांतल्या चौकांवर आपल्या स्वतःच्या जेनियसची पूजा सुरू करवली आणि नीरोच्या तांब्याच्या नाण्यावर ‘सम्राटाच्या राखणदारास’ असा मजकूर आला.

डायोक्लेशनने त्याला पुन्हा जनतेकडे नेले. त्याच्यासमोरची अडचण मोठी होती. तिसऱ्या शतकात चलनाची पार रया गेली होती, नाण्यात चांदी नावापुरती उरली होती. 293 साली त्याने राज्यकारभार चौघांत वाटला : तो आणि मॅक्सिमियन हे ज्येष्ठ, कॉन्स्टँटियस आणि गॅलेरियस हे कनिष्ठ. पाठोपाठ नवे चलन आले. त्यातले हे मोठे नाणे तांब्याच्या मिश्रधातूचे, त्यात फार तर 4 टक्क्यांच्या आसपास चांदी, वर चांदीचा पातळ मुलामा. संग्राहक त्याला ‘फॉलिस’ म्हणतात, पण ते नाव आधुनिक वापरातले आहे. तोपर्यंत स्वतःचे वेगळे चलन वापरणाऱ्या इजिप्तलाही आता हेच नाणे घ्यावे लागले. चौघांपैकी कोणाचाही चेहरा पुढच्या बाजूला असो, मागे राखणदार तोच. कोणत्याही एका प्रांताचा नसलेला आणि म्हणून सगळ्यांचा असलेला देव निवडण्यात मला डायोक्लेशनची राजकीय समज दिसते. कार्थेजच्या टांकसाळीने मात्र आफ्रिकेच्या देवीचे वेगळे चित्र वापरले.

मजकुरातले ‘जेनिओ’ हे चतुर्थीचे रूप आहे, आपल्या ‘गणेशाय नमः’मधल्या ‘गणेशाय’सारखे. नाणे म्हणते, ‘रोमन जनतेच्या राखणदारास’. प्रत्येक नाणे म्हणजे हातोहात फिरणारे छोटे अर्पणपत्रच होते.

आता संग्राहकाचे खरे काम सुरू होते. तरुणाच्या पायाखाली एक रेघ असते आणि तिच्याखाली दोन-तीन अक्षरे. ही टांकसाळीची खूण. टीआर म्हणजे त्रिएर, एसआयएस म्हणजे सिस्किया, आजच्या क्रोएशियातले सिसाक. एएनटी म्हणजे अँटिऑक, एएलई म्हणजे अलेक्झांड्रिया. शेजारी अ, ब, ग अशा अर्थाचे ग्रीक अक्षर असेल तर ते टांकसाळीतल्या कारखान्याचा क्रमांक सांगते. लंडनच्या पहिल्या दशकातल्या बहुतेक नाण्यांवर खूणच नाही. ती चेहऱ्याच्या घडणीवरून आणि अक्षरांच्या वळणावरून ओळखावी लागतात. इथे डोळा तयार व्हायला वर्षे जातात आणि याच कामात या छंदाचा सगळ्यात मोठा आनंद आहे. अचूक तराजू आणि साधे भिंग एवढी हत्यारे पुरतात.

तराजू का, ते सांगतो. सुरुवातीला एका रोमन पौंडात, म्हणजे सुमारे 325 ग्रॅममध्ये, अशी 32 नाणी पाडली जात; एकेक भरे दहा ग्रॅमच्या आसपास. 301 साली डायोक्लेशनने नाण्याची अधिकृत किंमत दुप्पट केली आणि महागाई रोखण्यासाठी शेकडो वस्तूंच्या कमाल किमतींचा फतवा काढला. फतव्याने महागाई थांबली नाही. 305 साली त्याने स्वतः गादी सोडली आणि वारसांची भांडणे सुरू झाली. फौजा पोसायच्या तर नाणी जास्त हवीत आणि धातू तर तेवढाच. पश्चिमेकडच्या टांकसाळींत 307मध्ये एका पौंडातून 40, मग 48, 310च्या सुमारास 72 आणि 313पर्यंत 96 नाणी निघू लागली. राखणदार तोच, हातातली थाळी तीच, पण वीस वर्षांत त्याचे वजन दहा ग्रॅमवरून साडेतीनपर्यंत आले. 295चे आणि 313चे नाणे दोन तळहातांवर ठेवून पाहावे. चलनवाढीवरचा कोणताही धडा यापेक्षा लवकर समजत नाही.

लोकांनाही हे समजत होते. जुनी जड नाणी त्यांनी मडक्यांत भरून पुरली. 2014 साली इंग्लंडमधल्या वोल्ड न्यूटन इथे असेच एक मडके सापडले, आत 1,857 नाणी. त्यातली सर्वांत अलीकडची 307ची. म्हणजे जवळच्या यॉर्कमध्ये कॉन्स्टँटियस वारला आणि सैन्याने त्याच्या मुलाला, कॉन्स्टंटाइनला सम्राट केले, त्याला जेमतेम वर्ष झाले होते. लिबियातल्या मिसराताजवळच्या साठ्यात तर एक लाखाहून अधिक नाणी निघाली.

मडके जिथे निघाले ती जागा, त्यातला थर, शेजारची नाणी हे सारे नोंदवले गेले तरच अशी तारीख काढता येते. चोरून उकरलेले नाणे गप्प होते. म्हणून विकत घेताना ते कुठून आले याचा कागद मागावा, आणि कागद नसेल तर कितीही सुंदर असले तरी सोडून द्यावे. कडेला साच्याची शिवण दिसली, पृष्ठभागावर बुडबुड्यांची भोके दिसली, तर ते ठोकलेले नव्हे, ओतलेले, म्हणजे बनावट. चांदीचा मुलामा उरला असेल तर घासून साफ करण्याचा मोह आवरावा. सतराशे वर्षे टिकलेला थर एका ब्रशने जातो. आपल्याकडच्या वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

पश्चिमेत राखणदार असा हलका होत होता, तेव्हा पूर्वेकडे त्याचे वेगळेच झाले. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राट मॅक्सिमिनस दायाने अँटिऑकमध्ये त्याच्या हातात सूर्यदेवाचे मस्तक दिले. त्याच काळात तिथे दीड ग्रॅमच्या आसपासची, सम्राटाचे नावही नसलेली छोटी नाणी निघाली. त्यांच्यावर ‘अँटिऑकवासीयांच्या राखणदारास’ असे आहे आणि नगरदेवतेच्या पायाशी ओरोंटेस नदी पोहताना दाखवली आहे. फार वर्षे ही नाणी अर्धशतकानंतरच्या सम्राट जुलियनची समजली जात. आता ती मॅक्सिमिनसची मानतात.

पश्चिमेत कॉन्स्टंटाइनने राखणदाराऐवजी सूर्य निवडला आणि नंतर ख्रिस्त. तरीही 330च्या सुमारास त्याच्या नव्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, एक अगदी चिमुकले नाणे निघाले. त्याच्यावर खांद्याशी समृद्धीचे शिंग घेतलेला तोच तरुण आहे, पण ‘जेनियस’ हा शब्द गळून गेला आहे. उरले आहे फक्त ‘पोप रोमानुस’, रोमन जनता. 8 नोव्हेंबर 392 रोजी सम्राट थिओडोसियसच्या कायद्याने घरातसुद्धा जेनियसपुढे वाइन ओतणे गुन्हा ठरवले.