वितळलेल्या युरियाची हाताळणी : तापमान व काळ यांचा मेळ

जळगावलगतच्या पिंप्राळ्यापासून रावेर-यावलच्या केळीबागांपर्यंत युरिया पोहोचतो तो पांढऱ्या, कोरड्या दाण्यांच्या रूपात. दाणा होण्यापूर्वी तो काही काळ नळांतून द्रवरूपात वाहतो. अलिबागजवळील थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा जो कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, तशा प्रकल्पांत अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांपासून युरिया बनतो. निर्वातात पाणी उडवून जवळजवळ शुद्ध द्रव मिळतो व तो प्रिलिंग टॉवरच्या माथ्यावर पाठविला जातो. हा प्रवास छोटा असला तरी नाजूक असतो.

युरिया सुमारे १३३ अंश सेल्सिअसला वितळतो. तापमान त्याखाली गेले की नळ गोठतो. फार वर गेले, किंवा द्रव नुसता रेंगाळला, तरी युरियाच्या दोन रेणूंतून अमोनिया निसटून बाययुरेट तयार होते. गुऱ्हाळातील पाक काहिलीत अधिक वेळ ठेवता येत नाही, तसेच हे आहे. खत नियंत्रण आदेशानुसार बाययुरेटची कमाल मर्यादा १.५ टक्के आहे. विशेषतः पानांवर फवारणी करताना, त्यातही लिंबूवर्गीय झाडांवर, बाययुरेट अपायकारक ठरते. म्हणजे नळातील विलंबाची किंमत अखेर शेतात मोजावी लागते.

यासाठी नळ, पंप व झडपा यांभोवती वाफेचे आवरण असते. सुमारे ४ बार निरपेक्ष दाबाच्या संतृप्त वाफेचे तापमान जवळपास १४४ अंश असते. दाब आवरला की तापमानही आपोआप आवरते. म्हणून येथे अधिक दाबाची वाफ वापरणे अनिष्टच होय. नळ आखूड व उतरता ठेवावा, बंद टोकाच्या फांद्या टाळाव्यात. बहुधा एखादा उघडा फ्लँज किंवा आवरणातील न निचरलेले पाणी हेच गोठण्याचे मूळ असते. संयंत्र थांबविताना द्रव पूर्ण निथळू देऊन वाफ किंवा गरम पाण्याने नळ तत्काळ धुवावा लागतो.

तरीही नळ गोठलाच, तर मधोमध उष्णता देणे धोक्याचे ठरते. वितळताना युरिया प्रसरण पावतो, अधिक तापल्यास अमोनियाही सुटतो, आणि दोन्ही बाजूंना घट्ट गोळा असल्यास दाबास वाट उरत नाही. नळ फुटू शकतो. म्हणून उष्णता उघड्या टोकाकडून आरंभ करून हळूहळू आत न्यावी, आणि त्या टोकासमोर कोणी उभे राहू नये.